दोन पराभवांनंतरचं राष्ट्रीय विजेतेपद: ओहायो स्टेटचा २०२४चा हंगाम

३० नोव्हेंबर २०२४ रोजी कोलंबस शहरात, घरच्या मैदानावर आणि एक लाखाहून अधिक प्रेक्षकांसमोर, ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ मिशिगनकडून १३-१० असा हरला. त्या वर्षीचा मिशिगनचा संघ अगदीच बेताचा होता. तोवर त्याने पाच सामने गमावले होते आणि त्याचे दोन उत्तम खेळाडू त्या दिवशी मैदानातही नव्हते. ओहायो स्टेट वीसेक गुणांनी सहज जिंकेल असा सगळ्यांचा होरा होता. सामना संपला तेव्हा प्रशिक्षक रायन डे यांना काढून टाका, अशी मागणी जोरात सुरू झाली होती.

त्यानंतर ५१ दिवसांनी याच संघाने अटलांटात राष्ट्रीय विजेतेपदाचा चषक उचलला.

हा खेळ नव्याने पाहणाऱ्याला इथे पहिला प्रश्न पडतो. ज्या गटात हा संघ खेळतो, त्या ‘बिग टेन’ कॉन्फरन्सच्या गुणतक्त्यात तो चौथा होता. कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यातही तो पोचला नव्हता. मग तो देशाचा विजेता कसा झाला? याचं उत्तर एका सामन्यात सापडत नाही. अमेरिकेतलं कॉलेज फुटबॉल आपला विजेता कसा ठरवतं, ती पद्धत त्याच वर्षी का बदलली आणि संघ उभा करण्याची रीत गेल्या काही वर्षांत कशी पालटली, हे तिन्ही समजून घेतलं की हा हंगाम नीट उलगडतो. मला तो अलीकडच्या काळातला सर्वांत बोलका हंगाम वाटतो, म्हणून तोच निवडला आहे.

आधी खेळाबद्दल थोडं, कामापुरतं. अमेरिकन फुटबॉल हा जमीन जिंकण्याचा खेळ आहे. मैदान १०० यार्डांचं आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. या प्रत्येक प्रयत्नाला ‘डाउन’ म्हणतात. चार चेंडूंचं षटक समजा: तेवढ्यात दहा यार्ड झाले की नवं षटक सुरू, नाही झाले तर चेंडू समोरच्याकडे. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण. वर लाथेने एक किंवा पुन्हा एक चाल रचून दोन गुण मिळवता येतात. तिथवर पोचता आलं नाही तर दुरून दोन खांबांमधून चेंडू मारायचा, तो फील्ड गोल, त्याचे तीन गुण. चढाई करणारे आणि बचाव करणारे खेळाडू वेगवेगळे असतात. चढाईची सूत्रं क्वार्टरबॅकच्या हातात असतात. कुणाला चेंडू द्यायचा, कुणाकडे फेकायचा, हे तो क्षणार्धात ठरवतो. एवढं कळलं तरी पुढचं सगळं समजेल.

आता मूळ अडचण. कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या स्तरावर २०२४ साली १३४ संघ होते. खेळ इतका अंगावर येणारा की एक संघ आठवड्याला एकच सामना खेळू शकतो, तोही बहुधा शनिवारी. नियमित हंगामात प्रत्येकाच्या वाट्याला येतात फक्त बारा सामने. १३४ संघ आणि प्रत्येकी बारा सामने, म्हणजे बहुतेकांची एकमेकांशी गाठच पडत नाही. टेक्सासातला संघ मोठा की मिशिगनातला, हे मैदानावर ठरण्याची सोय नाही. त्यातही प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. एकाचे बाराही सामने दुबळ्या संघांशी, तर दुसऱ्याचे सहा सामने बलाढ्यांशी. अकरा विजय विरुद्ध दहा विजय, अशी आकड्यांची तुलना इथे फसवी ठरते.

मग विजेता ठरायचा कसा? कित्येक दशकं तो चक्क मतदानाने ठरत असे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची क्रमवारी १९३६पासून निघते. क्रीडा पत्रकार मतं देत आणि त्यांनी पहिला ठरवलेला संघ देशाचा विजेता मानला जाई. १९५०पासून प्रशिक्षकांचीही वेगळी क्रमवारी आली. दोन क्रमवाऱ्या म्हटल्यावर दोन विजेते व्हायला वेळ लागत नाही. १९९७ साली पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघांनीही आपापले झेंडे फडकवले. आपल्याकडे रणजी करंडकाचा विजेता पत्रकारांच्या मतांवर ठरला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करून पाहा.

ओहायो स्टेट स्वतः नऊ राष्ट्रीय विजेतेपदं सांगतं: १९४२, १९५४, १९५७, १९६१, १९६८, १९७०, २००२, २०१४ आणि २०२४. त्यातलं १९७०चं पाहा. त्या हंगामानंतरच्या रोझ बोल सामन्यात हा संघ स्टॅनफर्डकडून हरला होता. तरीही एका संस्थेने त्याला टेक्सस विद्यापीठाबरोबर विजेता ठरवलं होतं, म्हणून ते वर्ष यादीत आहे. १९६१ची गोष्ट तर याहून निराळी. त्या वर्षी संघाला रोझ बोलला जाण्याची संधी होती, पण विद्यापीठातल्या प्राध्यापकांच्या मंडळाने २८ विरुद्ध २५ मतांनी नकार दिला. फुटबॉलचं स्तोम फार माजलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून निषेध केला, पण संघ गेला नाही. अभ्यास आणि खेळ यांतली ही ओढाताण कॉलेज फुटबॉलमध्ये पहिल्यापासून आहे, आणि ती पुढे पैशाच्या रूपात पुन्हा येते.

१९९८पासून क्रमवारीतल्या पहिल्या दोन संघांचा अंतिम सामना घेण्याची पद्धत आली. तीही वादग्रस्तच राहिली, कारण तिसऱ्या क्रमांकाच्या संघावर दरवर्षी अन्याय व्हायचा. २०१४पासून चार संघांचं प्लेऑफ सुरू झालं. तेरा जणांची एक समिती संघांची क्रमवारी लावे, पहिले चार उपांत्य फेरीत खेळत. चारांचं हे पहिलंच प्लेऑफ ओहायो स्टेटने जिंकलं, तेही चौथ्या मानांकनावरून आणि तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला घेऊन. पण चार जागा आणि पाच मोठ्या कॉन्फरन्स, हे गणित कधी बसलंच नाही. २०२३ साली ते पुरतं फाटलं. फ्लोरिडा स्टेटने सगळे तेरा सामने जिंकले होते. हंगामाच्या शेवटाकडे त्यांचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला आणि आता हा संघ तितका चांगला राहिलेला नाही, असं म्हणून समितीने त्यांना बाहेर ठेवलं. एकही सामना न हरलेल्या मुलांना विजेतेपदासाठी खेळूच दिलं नाही. मला तो निर्णय आजही पटत नाही.

पुढच्याच वर्षी, २०२४ला, प्लेऑफ बारा संघांचं झालं. हा बदल आधीच ठरलेला होता. पाच कॉन्फरन्स विजेत्यांना थेट प्रवेश आणि उरलेल्या सात जागा समितीच्या क्रमवारीनुसार. सर्वांत वरच्या चार कॉन्फरन्स विजेत्यांना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढची फेरी. बाकी आठ संघ पहिली फेरी खेळणार, आणि ती वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या मैदानावर. ओहायो स्टेटची गोष्ट या नियमांमुळे शक्य झाली. समितीच्या शेवटच्या क्रमवारीत हा संघ सहावा होता. वर्षभर आधी हेच घडलं असतं तर मिशिगनविरुद्धच्या पराभवाच्या संध्याकाळीच त्यांचा हंगाम संपला असता.

आता संघाकडे येऊ.

२०२३च्या शेवटी ओहायो स्टेटची अवस्था विचित्र होती. रायन डे २०१९पासून मुख्य प्रशिक्षक. त्यांचे संघ सामने भरपूर जिंकत, पण २०२१, २०२२ आणि २०२३ असे सलग तीन वर्षं ते मिशिगनकडून हरले. हे दुखणं किती खोल आहे ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. या दोन विद्यापीठांमधल्या सामन्याला तिथे नुसतं ‘द गेम’ म्हणतात. मिशिगनला हरवणाऱ्या ओहायो स्टेटच्या प्रत्येक खेळाडूला चड्डीच्या आकाराचं एक छोटंसं सोनेरी पदक मिळतं. १९३४पासूनची ही प्रथा. त्या काळचे प्रशिक्षक आपल्या मुलांना समजावत की मिशिगनचे खेळाडूही तुमच्यासारखेच एकेका पायाने चड्डी चढवतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. त्यातून हे पदक आलं. २०२१ साली आलेल्या मुलांच्या पिढीला ते तीन वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं. त्यात २०२३चं राष्ट्रीय विजेतेपदही मिशिगननेच नेलं.

अशा वेळी चांगले खेळाडू व्यावसायिक लीगकडे, म्हणजे एनएफएलकडे निघून जातात. इथे उलट झालं. बचावफळीतले जॅक सॉयर आणि जे. टी. तुइमोलोआउ, धावणारा ट्रेव्हियन हेंडरसन, चेंडू झेलणारा एमेका एगबुका, कोपऱ्यातला बचावपटू डेन्झेल बर्क, डोनोव्हन जॅक्सन असे बरेच जण अजून एक वर्ष कॉलेजात थांबले. एनएफएलची दारं उघडी असताना थांबणं सोपं नसतं. कॉलेजच्या एका हंगामात गुडघा गेला तर पुढची सगळी कमाई जाऊ शकते. मिशिगनला हरवायचं आणि विजेतेपद मिळवायचं, हे या मुलांनी उघडपणे सांगितलं होतं.

बाहेरूनही माणसं आली, आणि इथे दोन नव्या गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली ट्रान्स्फर पोर्टल. पूर्वी विद्यापीठ बदललं की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१पासून एकदा, आणि पुढे हवं तितक्यांदा, न थांबता संघ बदलण्याची मुभा मिळाली. त्यामुळे दर हिवाळ्यात शेकडो खेळाडू नावं नोंदवतात आणि प्रशिक्षक त्यांतून निवड करतात. ओहायो स्टेटने क्वार्टरबॅक विल हॉवर्डला कॅन्सस स्टेटमधून आणलं, धावपटू क्विनशॉन जडकिन्सला मिसिसिपी विद्यापीठातून आणि अलाबामाहून केलेब डाउन्स हा देशातल्या उत्तम सेफ्टींपैकी, म्हणजे बचावात सर्वांत मागे उभ्या राहणाऱ्यांपैकी, एक. शिवाय फ्लोरिडातल्या शाळेतून नुकताच आलेला जेरेमाया स्मिथ. पहिल्या वर्षाचा मुलगा, पण चेंडू झेलताना त्याच्याकडे पाहून ते कुणाला खरं वाटत नसे.

दुसरी गोष्ट पैसा. अमेरिकेत कॉलेज खेळाडूंनी हौशीच राहावं, शिष्यवृत्तीपलीकडे काही घेऊ नये, असा नियम पिढ्यान्‌पिढ्या होता. प्रशिक्षकांना लक्षावधी डॉलर, दूरचित्रवाणीचे करार अब्जावधींचे, आणि ज्यांच्या जिवावर हे सगळं चालतं त्या मुलांना रोख काहीच नाही. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपलं नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यांच्या बदल्यात जाहिरातदारांकडून आणि हितचिंतकांच्या मंडळांकडून पैसे घेण्याची परवानगी मिळाली. २०२४चा हा संघ उभा करायला साधारण दोन कोटी डॉलर लागल्याचं ओहायो स्टेटच्या क्रीडा संचालकांनीच जाहीरपणे सांगितलं. त्यावरून ‘विकत घेतलेला संघ’ अशी टीका झाली. मला ती अर्धवट वाटते. मुलांना पैसे मिळायलाच हवे होते. दर शनिवारी एक लाख माणसं त्यांना पाहायला तिकीट काढून येतात. शिवाय संघाचा कणा त्याच कॉलेजात तीन-चार वर्षं वाढलेल्या मुलांचा होता. पण एवढा पैसा उभा करू शकणारी विद्यापीठं हातावर मोजण्याइतकीच आहेत, आणि बारा जागांच्या शर्यतीत बाकीची सव्वाशे विद्यापीठं त्यांच्याच बरोबरीने धावताहेत, हे नाकारता येत नाही.

डे यांनी स्वतःबाबतीतही एक मोठा निर्णय घेतला. चढाईच्या चाली मैदानावर ते स्वतः ठरवत असत. ते काम त्यांनी चिप केली यांच्याकडे सोपवलं. केली तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक होते. ते पद सोडून ते दुसऱ्याच्या हाताखाली आले.

हंगाम झोकात सुरू झाला. ॲक्रनला ५२-६, वेस्टर्न मिशिगनला ५६-०. हे सामने फारसं काही सांगत नाहीत. खरी परीक्षा १२ ऑक्टोबरला ओरेगनच्या मैदानावर होती, आणि ती ३२-३१ अशी एका गुणाने हुकली. शेवटच्या क्षणांत ओहायो स्टेट फील्ड गोलच्या टप्प्यात येऊ पाहत होतं. दहा सेकंद उरली असताना ओरेगनचे अकराऐवजी बारा खेळाडू मैदानात उतरले. नियमाप्रमाणे पाच यार्डांची शिक्षा झाली, पण त्या चालीत घड्याळातली चार सेकंद गेली ती गेलीच. उरलेल्या सहा सेकंदांत हॉवर्ड स्वतः चेंडू घेऊन धावला, घसरून खाली बसला, तोवर वेळ संपली होती. त्या शिक्षेत पाच यार्डांपेक्षा चार सेकंदांची किंमत जास्त होती. काही दिवसांतच नियमाचा अर्थ नव्याने स्पष्ट करण्यात आला: अशा वेळी समोरच्या संघाला घड्याळ मागे नेण्याचा पर्याय मिळेल. याच सामन्यात डाव्या बाजूचा टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीने वर्षभरासाठी बाहेर गेला. क्वार्टरबॅकच्या पाठीमागून येणाऱ्याला अडवणारा हा खेळाडू. पुढे डोनोव्हन जॅक्सनला त्याच्या जागी सरकवलं गेलं, त्याच्या सवयीची जागा नसताना. त्याने ती कशी सांभाळली हे या हंगामातलं सर्वांत कमी बोललं गेलेलं काम आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेन स्टेटच्या मैदानावर २०-१३ असा विजय मिळाला. पेन स्टेटला चौथ्या सत्रात ओहायो स्टेटच्या रेषेपासून तीन यार्डांवर चार प्रयत्न मिळाले होते. चारही प्रयत्न बचावफळीने हाणून पाडले, आणि मग चढाईच्या खेळाडूंनी उरलेली पाच मिनिटं चेंडू आपल्याकडेच ठेवून घड्याळ संपवलं. पुढे इंडियानाला ३८-१५.

आणि मग मिशिगन.

त्या सामन्यात काय चुकलं हे समजायला फार तांत्रिक ज्ञान लागत नाही. मिशिगनची सगळ्यात मजबूत जागा म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभे असलेले दोन धिप्पाड खेळाडू. ओहायो स्टेट तिथेच पुन्हापुन्हा धावत राहिलं. बाजूला स्मिथ आणि एगबुकासारखे झेलणारे असताना चेंडू त्यांच्याकडे पुरेसा गेलाच नाही. आम्हीही तुमच्याइतकेच दणकट आहोत, हे सिद्ध करण्याच्या हट्टापायी आपलं खरं बळ बाजूला राहिलं. हॉवर्डचे दोन चेंडू मिशिगनने पकडले, दोन फील्ड गोल हुकले, आणि ४५ सेकंद उरलेली असताना मिशिगनने २१ यार्डांवरून विजयी फील्ड गोल मारला. त्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी ओहायो स्टेटच्या मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांनी मिरचीचा फवारा मारला. कॉन्फरन्सने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड ठोठावला.

पुढचा सामना तीन आठवड्यांनी, २१ डिसेंबरला होता. जुन्या पद्धतीत हे तीन आठवडे रडण्यात आणि प्रशिक्षक बदलण्याच्या चर्चेत गेले असते. इथे खेळाडू आणि प्रशिक्षक एका खोलीत बसले आणि एकमेकांशी मोकळेपणाने, वेळप्रसंगी कडवटपणे बोलले, असं नंतर त्यांनीच सांगितलं. त्या बैठकीत नेमकं काय झालं यापेक्षा मैदानावर काय बदललं ते महत्त्वाचं. चेंडू लवकर आणि लांब फेकला जाऊ लागला. धावणं राहिलं, पण झेलणाऱ्यांच्या धाकाने समोरचा बचाव पांगला की मग. आपली सगळ्यात मोठी ताकद आधी वापरायची, इतकी साधी गोष्ट.

टेनेसी हा पहिल्या फेरीचा प्रतिस्पर्धी. कडाक्याच्या थंडीत, घरच्या मैदानावर, पहिल्या सत्रातच २१-०. शेवट ४२-१७. त्या रात्री स्टेडियममध्ये टेनेसीचे नारिंगी कपडेवाले हजारोंनी आले होते. मिशिगनच्या धक्क्यानंतर कित्येक स्थानिकांनी आपली तिकिटं विकून टाकली होती.

उपांत्यपूर्व फेरीत, १ जानेवारीला रोझ बोलमध्ये, पुन्हा ओरेगन. तोच ओरेगन, आता तेराच्या तेरा सामने जिंकून पहिल्या मानांकनावर आलेला. दुसऱ्या सत्रात फलक ३४-० दाखवत होता. स्मिथने सात झेलांत १८७ यार्ड काढले, दोन टचडाउन केले. सामना ४१-२१ असा संपला. एकाच हंगामात त्याच संघाविरुद्धचे हे दोन सामने लागोपाठ पाहिले तर मिशिगननंतरच्या तीन आठवड्यांत काय बदललं ते डोळ्यांना दिसतं.

उपांत्य सामना टेक्ससशी, टेक्सासातच, १० जानेवारीला. हा मात्र हातघाईवर आला. ओहायो स्टेटची २१-१४ अशी आघाडी असताना टेक्सस शेवटच्या रेषेपासून फक्त एका यार्डावर येऊन ठेपलं. तिथून एक यार्ड मिळवायचा होता, आणि त्यांनी चेंडू बाजूला फेकून वळसा घालायची चाल रचली. बचावफळी आत घुसली आणि एकाऐवजी सात यार्ड मागे ढकलले गेले. चौथ्या डाउनला क्वार्टरबॅक क्विन ईवर्स चेंडू फेकायला मागे सरकला. समोरून जॅक सॉयर आला, त्याने चेंडू हातातून उडवला, उचलला आणि ८३ यार्ड धावत सुटला. बरोबरीच्या उंबरठ्यावरचा सामना २८-१४ असा संपला. सॉयर कोलंबसच्या शेजारच्या गावचा, लहानपणापासून याच संघाचा. आणि ईवर्स टेक्ससला जाण्यापूर्वी काही महिने ओहायो स्टेटमध्येच होता, सॉयरच्याच खोलीत राहायला. सॉयरच्या पिढीला मिशिगनविरुद्धचं ते पदक चार वर्षांत मिळालं नाही ते नाहीच. त्याला जेव्हा जेव्हा याबद्दल टोमणे ऐकावे लागतील, तेव्हा हे ८३ यार्ड त्याच्या बाजूने उभे राहतील.

अंतिम सामना २० जानेवारी २०२५ला अटलांटात, समोर नोत्र दाम. आपल्याकडे ती २१ जानेवारीची सकाळ. सामना सहाच्या सुमारास सुरू झाला. नोत्र दामचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन हे स्वतः ओहायो स्टेटचे माजी खेळाडू. त्यांच्या संघाने पहिलीच चढाई अठरा चालींची केली, जवळपास दहा मिनिटं चेंडू सोडलाच नाही आणि टचडाउन करूनच थांबले. सामना असा सुरू झाला की बघणाऱ्याला वाटावं, आज काही खरं नाही. पण ओहायो स्टेटने त्यानंतर सलग ३१ गुण केले. हॉवर्डचे पहिले तेराही चेंडू अचूक गेले. जडकिन्सने तीन टचडाउन केले.

तरीही नोत्र दाम परतलं. ३१-७ वरून ३१-१५, मग ३१-२३, दोन्ही वेळा दोन-दोन गुणांची जादा चाल यशस्वी करून. चार मिनिटांच्या आसपास वेळ उरला होता. आता ओहायो स्टेटकडे चेंडू, तिसरा डाउन आणि अकरा यार्ड हवेत. चौकटीतला सल्ला असा की धावा, घड्याळ चालू ठेवा, चेंडू परत देऊन बचावावर भरवसा ठेवा. डे आणि केली यांनी लांब फेकायला सांगितलं. नोत्र दामने सगळी माणसं पुढे आणली होती, स्मिथवर एकटाच पहारा होता. हॉवर्डने उंच चेंडू टाकला, स्मिथने धावता धावता झेलला: ५६ यार्ड. मिशिगनविरुद्ध जे धाडस झालं नव्हतं ते इथे झालं. फील्ड गोलचे तीन गुण मिळाले आणि सामना ३४-२३ असा संपला. हॉवर्ड २१ पैकी १७ अचूक, २३१ यार्ड.

मग दोनदा हरलेला संघ खरा विजेता का? समितीच्या अंतिम क्रमवारीतले पहिले आठ संघ घ्या. ओहायो स्टेट वगळता उरतात सात: ओरेगन, जॉर्जिया, टेक्सस, पेन स्टेट, नोत्र दाम, टेनेसी, इंडियाना. यांतल्या सहांना ओहायो स्टेटने त्या हंगामात हरवलं. फक्त जॉर्जियाशी गाठ पडली नाही. इतकं कठीण वेळापत्रक पार करून आलेल्या संघाच्या विजेतेपदावर प्रश्न विचारणं मला अन्यायाचं वाटतं. ‘आधी हरला’ ही तक्रार त्या जुन्या काळातली आहे, जेव्हा हरल्यावर सुधारून दाखवायची संधीच मिळत नसे.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो ओरेगनचा. एकही सामना न हरता पहिलं मानांकन मिळवल्याचं बक्षीस म्हणून त्यांना काय मिळालं? उपांत्यपूर्व फेरीतच ओहायो स्टेट. हे झालं कारण बाय फक्त कॉन्फरन्स विजेत्यांना होता. क्रमवारीत नवव्या आणि बाराव्या असलेल्या बॉइसी स्टेट आणि ॲरिझोना स्टेटला तिसरं आणि चौथं मानांकन मिळालं, आणि सहाव्या क्रमांकाचं ओहायो स्टेट आठव्या मानांकनावर ढकललं गेलं. आठव्याची गाठ पहिल्याशी. बाय मिळालेले चारही संघ आपला पहिलाच सामना हरले, हेही त्याच वर्षी घडलं. २०२५च्या हंगामापासून नियम बदलला: मानांकन थेट समितीच्या क्रमवारीप्रमाणे, पहिल्या चारांना बाय. तोच नियम २०२४ला असता तर ओहायो स्टेट सहावं मानांकन घेऊन घरच्या मैदानावर ॲरिझोना स्टेटशी खेळलं असतं, जिंकल्यास पुढे टेक्सस, आणि ओरेगनची भेट झालीच असती तर थेट अंतिम सामन्यात.

हा संघ नंतर लगेच विखुरला. एप्रिल २०२५च्या एनएफएल निवडीत त्यातले १४ खेळाडू घेतले गेले. सॉयर आणि हॉवर्ड दोघेही पिट्सबर्गला गेले. केली एनएफएलमध्ये गेले, बचावाचे सूत्रधार जिम नोल्स पेन स्टेटला. जून २०२५मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं आता स्वतःच्या उत्पन्नातून थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली आहेत, पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत. डे आपल्या जागी राहिले, आणि स्मिथही. एनएफएलच्या नियमाप्रमाणे शाळा संपल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय कुणालाच निवडीत उतरता येत नाही, त्यामुळे कॉलेजातली आणखी दोन वर्षं त्याच्यापुढे होती.